राबातली चार कडी

रिहे, ता. मुळशी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

दिशास,

आशीर्वाद आहेत. ते नेहमीचे आहेत, बाकी काही नेहमीचं समजू नकोस.

सही करणार नाही.

तुझ्या नागपूरच्या संस्थेचा लखोटा बुधवारी मिळाला. आत छापील कागद, आपल्या शेताचा नकाशा, नकाशावर मातीत रोवलेल्या तुझ्या पाइपाच्या कड्यांचे नऊ ठिपके आणि खाली सहीच्या जागी पेनानं मारलेली फुली. म्हणजे मी तिथं नाव लिहून द्यायचं की 'अभ्यासाच्या पूर्ण काळात ही नऊ कडी नकाशात दाखवलेल्या जागीच होती.' सोबत तुझी दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. फुली मात्र तूच मारलीस. पहिलीपासून तिचा एक पाय लांब काढतेस, ती मी ओळखणार नाही होय?

चौदा महिने झाले, तू घरी पाऊल टाकलेलं नाहीस. दिवाळीला नाही, आप्पांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला नाही. आणि आता आईची आठवण झाली ती सहीपुरती! वा गं वा.

त्या सभेचं मी विसरलेले नाही, तूही विसरली नसशील. शाळेच्या हॉलमध्ये अख्खं गाव बसलेलं. पडद्यावर आपलं शेत, खाली आप्पांचं नाव, आणि वरच्या कोपऱ्यात राबाची जागा लालभडक रंगवलेली. तुझे गाईड शरदचंद्र सर माईकवर सांगत होते की, राब भाजल्यावर या जागेतून उरलेल्या शेताच्या तिप्पट कार्बन डाय ऑक्साइड बाहेर पडतो, मातीतला कस हवेत उडून चाललाय, राब बंद करा. त्या भल्या माणसाला महिनाभर आधी राब म्हणजे काय तेही मीच समजावलं होतं. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या रचून भाजायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. माझ्या हातचा चहा पिऊन माझ्याच शेताला रोगी म्हणाले. मी उठून उभी राहिले. 'सर, एक सांगायचंय,' एवढंच म्हणाले. आणि तू स्टेजवरून, माईकमध्ये, सगळ्या गावासमोर म्हणालीस, "आई, खाली बस. तुला यातलं कळत नाही."

बसले मी. अजून बसलेलीच आहे असं समज.

आप्पा म्हणतात, "कर की सही. पोरीचं काम अडलंय." मी म्हटलं, तुम्ही जेवा.

फोन करू नकोस. फोनवर तू मीटिंगमध्ये असतेस आणि मी तोडून बोलते. कागदावर कुणी कुणाला खाली बसवू शकत नाही. तुझा कागद कपाटात ठेवलाय, फाडलेला नाही.

आई


रिहे
रविवार, २ मार्च २०२५

दिशास,

पत्राचं उत्तर नाही. आप्पांच्या मोबाईलवर मात्र निरोप आला, 'आप्पा, आईला सही करायला सांगा. प्रबंध द्यायची शेवटची तारीख ३१ मे. सहीशिवाय घेणार नाहीत. चार वर्षांचं काम आहे.' आप्पांनी मला दोनदा वाचून दाखवला. मला वाचता येतं हे बाप-लेक दोघंही विसरलात.

चार वर्षांचं काम आहे, माहीत आहे मला. थंडीवाऱ्यात, उन्हातान्हात वणवण केलीस, कावीळ झाली तरी वह्या उशाशी घेऊन झोपलीस, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तरीही नाही.

तू मला कळत नाही म्हणालीस म्हणून आज थोडं माझ्या कामाचं सांगते. बावीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं घेते मी. दर महिन्याला, एकेका पोराला काट्यात बसवून. एकाच वस्तीतली, एकाच विहिरीचं पाणी पिणारी पोरं, पण एक बारा किलोचं तर शेजारचं आठ किलोचं. एक पोर मोजून मी अख्ख्या वस्तीचं वजन लिहिलं तर मला घरी पाठवतील. आणि एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर लिहिलं तर त्याहून मोठा गुन्हा. कारण मग उपाशी पोर कागदावर गुटगुटीत दिसतं आणि त्याला काही मिळत नाही.

शेताचं तसंच आहे. सव्वा एकर तुझ्या नकाशात एकाच हिरव्या रंगाचं आहे. मी त्यात अनवाणी चाललेली बाई. ओढ्याकडची पट्टी मार्चपर्यंत ओली असते, तळव्याला गार लागते. मधलं खाचर भात निघाल्यावर भेगाळतं, तिथं यंदा वाल आहे. बांधाकडेला मुरूम. आंब्याखाली कितीही नांगरा, मुळ्या लागतात. तू शिकवलंस मला, आई, माती श्वास सोडते, आतले जीव कुजकं खातात आणि आपण सोडतो तीच हवा सोडतात. पटलं. म्हणून तर तुझी ती पाइपाची कडी मातीत रोवू दिली, त्यांच्यावर मशीनचं झाकण ठेवून मोजू दिलं. मग मला सांग, जिथं जीव जास्त, ओल जास्त, खाणं जास्त, तिथं श्वास जास्त असणार की नाही? मग लाल रंग एकट्या राबावर कसा फासलास?

मी स्वतः मोजणार आहे. हस खुशाल.

आठवीत विज्ञान प्रदर्शनात तू आप्पांचा पानाचा चुना पाण्यात कालवून ठेवला होतास. वरची नितळ निवळी पेल्यात काढून त्यात नळीनं फुंकलंस आणि पाणी दुधासारखं झालं. दुसरा नंबर आला तुझा. श्वासातल्या कार्बन डाय ऑक्साइडनं होतं असं म्हणाली होतीस. पोरांचं मी काही विसरत नाही, हा माझा मोठा दोष आहे.

तर निवळीच्या बारा वाट्या. शेतात बारा जागा. प्रत्येक वाटीवर एक पातेलं पालथं, कडेनं चिखल लिंपलेला, म्हणजे बाहेरची हवा आत यायला नको. आणि तेरावी वाटी अंगणातल्या फरशीवर, तशीच पातेल्याखाली, कारण दगड काही श्वास सोडत नाही, तिच्याशी बाकीच्या ताडून बघायच्या. हे तेरावीचं मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मला सुचलं.

पातेली तुझ्या रुखवतासाठी घेऊन ठेवलेली काढली. नाहीतरी माळ्यावर पडून होती.

आई


रिहे
रविवार, १६ मार्च २०२५

दिशास,

गावात बोभाटा झालाय. कोंडिबा भावजींनी बांधावरून पाहिलं आणि ओरडले, "आवं सारजाबाई, शेतात पातेली पालथी घातल्यात, पंगत उठली का काय?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून निरोप आला की, काही करणी-बिरणी असेल तर आमच्या बांधापासून लांब करा. मी सांगितलं, करणीच आहे, पण ती नागपूरच्या पोरीवर आहे, तुम्ही घाबरू नका.

आप्पांचा चुना दोन दिवसांत संपला. म्हणाले, "माती काय पान खाती व्हय?" तरी स्वतः जाऊन पौडाहून पाव किलो आणला. त्यांनी मला एका शब्दानं अडवलं नाही. तुझ्यापेक्षा बरे.

आता ऐक. तीन वेळा मोजलं, दर वेळी सकाळी ठेवून दुसऱ्या सकाळी उचललं. तिन्ही वेळा हिशेब सारखाच आला, म्हणजे माझा हात चुकत नाही.

फरशीवरची वाटी नितळ, तळ दिसतो. मधल्या खाचरातल्या पाच वाट्यांवर पातळ सायीसारखं आलं, पाचांतही दोन फिकट, तीन दाट, आणि त्यांच्यात दहा-दहा पावलांचंसुद्धा अंतर नाही बघ. ओढ्याकडच्या पट्टीत ताकासारखं पांढरं. आंब्याच्या मुळ्यांवर तसंच. बांधाच्या मुरुमात जेमतेम. आणि राबाच्या जागी दोन वाट्या ठेवल्या होत्या, दोन सालांमागे भाजलेल्या मातीत. त्या नितळ. फरशीच्या वाटीशेजारी ठेवल्या तर आप्पांना ओळखता आल्या नाहीत.

तिप्पट म्हणालीस ना? माझ्या वाटीत राब सगळ्यात शेवटी आहे!

सगळ्यात पांढरी वाटी बारावी. दुपारपर्यंतच दूध झालं तिचं, दुसऱ्या सकाळी तळाला चुन्याचा थर बसला होता. ती कुठं होती सांगू? आंब्याच्या पलीकडे, खालच्या अंगाला, जिथं आपला जुना गोठा होता. तुझ्या जन्माच्या आधीपासून तिथं गुरं बांधलेली, तीस वर्षांचं शेण-मूत त्या मातीत मुरलेलं. गोठा काढून बारा वर्षं झाली, वर साधं गवत आहे, नवख्याला काही कळायचं नाही. पण खुरपं लावलं की काळी भुसभुशीत माती आणि मुठीमुठीनं गांडुळं.

तिथं ठेवायचं सुचलं कसं, असं तू विचारशील. सुचलं. बारावी वाटी उरली होती, ठेवली.

नकाशा जोडलाय. तुझ्यासारखा रंगीत नाही, अंगणवाडीच्या वहीचा मागचा कागद आहे. पण जागा पावलं मोजून लिहिल्यात. बघ आणि सांग, हा चुकीचा असेल तर कुठं चुकीचा आहे.

आई


रिहे
रविवार, ६ एप्रिल २०२५

दिशास,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर संस्थेचं नाव. जन्मदात्या आईला लेटरहेडवर लिहिणारी तू पहिलीच असशील.

तू लिहितेस, चुन्याच्या पाण्यानं आकडा मिळत नाही, फक्त कमी-जास्त कळतं. बरोबर आहे, मान्य. तू लिहितेस, सहा ते नऊ नंबरची कडी राबात होती, जानेवारी ते मार्च त्यांचे आकडे कमी होते, राब भाजल्यावर एप्रिल-मेमध्ये उरलेल्या शेताच्या तिप्पट झाले, आणि याला भाजण्याशिवाय दुसरं कारण संभवत नाही. आणि शेवटी लिहितेस की, सातबारा आप्पांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांची सहीही चालेल.

ते वाक्य वाचून आप्पांनी कपाटातून कागद काढला. चष्मा लावला. पेनाचं टोपण काढून फुलीजवळ टेकवलं. "लेकरू हाय आपलं," म्हणाले, "तुमचं भांडान तुमी भांडा, तिचं वरीस कशाला जाळता?" मी पेन हातातून काढून घेतलं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या हातातून मी काही हिसकावून घेतलं नव्हतं. मग त्यांना खाली बसवून सांगितलं, तेच तुला लिहिते. तीन पत्रं मी गोल गोल फिरले, आता सरळ.

कडी मी हलवली.

मार्चच्या शेवटी, दोन हजार तेवीसला. तू काविळीनं पुण्यात मावशीकडे पडलेली, उठून बसायची ताकद नव्हती तुला. इकडे राब रचायची वेळ झाली. शेण वाळलं होतं, पाला आणून टाकला होता, आणि राबाच्या बरोबर मधोमध तुझी चार पांढरी कडी. प्लास्टिकची! त्यांच्यावर राब पेटवला असता तर वितळून मातीत थापली गेली असती. चार वर्षांचं काम म्हणतेस, ते मी जाळू? म्हणून चारही अलगद उपटली, पुसली. भाजून झाल्यावर परत तिथंच बसवायचा विचार होता. पण भाजलेली जागा चार दिवस गरम, मग टणक. आणि तेवढ्यात तुझ्याऐवजी तो पियूष मशीन घेऊन यायचा होता, शहरातलं गोरंगोमटं पोर, आदल्या आठवड्यात नुसतं घर बघायला आलं तेव्हाच उन्हानं नाकातून रक्त आलेलं त्याच्या. आपल्या दारात आलेला माणूस भर एप्रिलात उघड्यावर तासभर उकिडवा बसणार. मला बघवलं नाही. म्हणून मी ती चार कडी आंब्याच्या सावलीत बसवली. जमीन मऊ होती, हातानं दाबली तरी बसली. एका ओळीत, अंगणवाडीत पोरं बसवते तशी.

जुन्या गोठ्याच्या जागेवर.

पियूष आला. कड्यांवरचे नंबर बघून म्हणाला, "काकू, सहा ते नऊ हीच ना?" मी म्हटलं, हीच. नंबर तर तेच होते. त्यानं पाच वेळा येऊन मोजलं, वहीत लिहिलं, मी त्याला दर वेळी कोकम सरबत दिलं. जूनमध्ये चिखलणीच्या आधी सगळी नऊ कडी काढून पोत्यात भरली आणि तुझ्याकडे पाठवली. माझ्या मनात वाईट नव्हतं. त्यात काही वाईट आहे हेच मला कळलं नव्हतं.

कळलं ते सभेत. पडद्यावर राब लाल झालेला दिसला आणि सरांनी तिप्पट म्हटलं, तेव्हा मी मनात कडी मोजली, सहा ते नऊ. हा आकडा राबाचा नव्हताच, गोठ्याचा होता. गुटगुटीत पोराचं वजन दुसऱ्याच्याच नावावर लिहिलं गेलं होतं, आणि लिहिणारी मी! मी उठले ती हेच सांगायला उठले होते, दिशा. तुझं नाव खराब व्हायच्या आत. 'सर, एक सांगायचंय.' एवढंच तोंडातून निघालं आणि तू म्हणालीस, खाली बस.

मग इतके महिने गप्प का राहिलीस, म्हणशील. रागानं. मला कळत नाही ना, मग तुझं तुला कळू दे, म्हटलं. एवढा राग आला होता की गावानं तुझ्या शब्दावर राब बंद करायचं ठरवलं तरी मी तोंड उघडलं नाही. आणि राग उतरला तेव्हा भीती बसली की, तुझी पदवी जाईल ती माझ्या हातानं. सहीचा कागद आला आणि पळवाट संपली. खोट्या कागदावर मी सही करणार नाही आणि माझ्या नवऱ्यालाही करू देणार नाही. तुझी पदवी अडली तरी नाही. अंगणवाडीत एका साहेबांनी मला एकदा दोन किलो वाढवून लिहायला सांगितलं होतं. त्यांनाही नाही म्हटलं होतं, ते तर परके होते.

चूक माझी आहे. पण निम्मीच. उरलेली निम्मी मी घेणार नाही, ती तुझी तू उचल. तू रिह्याची लेक. अठरा वर्षं याच धुरात डोळे चोळलेस. राबाच्या मधोमध प्लास्टिकची कडी रोवताना तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही, 'आई, राब कधी भाजणार?' आणि आकडा तिप्पट आला तेव्हा तू सरांना विचारलंस, पुस्तकांना विचारलंस, मला का नाही विचारलं? त्या शेतात रोज कोण असतं? तू फोन करून 'आई, असं कसं झालं गं?' एवढं म्हणाली असतीस तर त्याच मिनिटाला मी सांगितलं असतं. पण मला विचारायचं तुझ्या मनातच आलं नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलंय. खाली बस म्हणालीस त्याहून जास्त.

रडले बिडले नाही. डोळ्यात चुना गेलाय.

आई


रिहे
शुक्रवार, २ मे २०२५

दिशास,

महिना होत आला, तुझा शब्द नाही. तू काय करतेस ते तू बघ. मी काय केलं ते कळवते.

काल एक मेची ग्रामसभा होती. त्याच हॉलमध्ये. मी त्याच रांगेत बसले आणि आधी ठरलेले विषय संपेपर्यंत थांबले. मग उठले. माईक मागितला नाही, माझा आवाज पोरांना पुरतो तर मोठ्यांना पुरेल.

सगळं सांगितलं. कडी कुठं होती, का उपटली, कुठं बसवली. दिशानं मोजलं ते खरं, पियूषनं मोजलं तेही खरं, जागा मात्र मी बदलली आणि कुणाला सांगितली नाही, असं सरळ सांगितलं. मग कोंडिबा भावजी उठले, "म्हंजी पोरीचं समदं चुकलं! चला, राब भाजाया मोकळं झालो आमी!" आणि लोक हसले.

तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. म्हटलं, भावजी, मोकळं कुणी केलं तुम्हाला? राबातून तिप्पट निघतो हे खोटं ठरलं, राब चांगला आहे हे खरं ठरलेलं नाही. माझ्या वाट्यांत राबाचं पाणी दगडाइतकं नितळ राहिलं. तिथली माती निवांत आहे की मेली आहे, हे काही वाटी सांगत नाही. गोठ्याची माती धापा टाकते, पण तिथं गांडुळं आहेत. राबाच्या मातीत मी हातभर खणलं, एक गांडूळ नाही. जास्त श्वास म्हणजे वाईट आणि कमी श्वास म्हणजे चांगलं, एवढं सोपं ते नाही. याचा अर्थ लावायला मला येत नाही. त्याला माझी पोरगी लागते.

असं म्हणाले मी. तुझ्यावर रागावून म्हणाले, पण म्हणाले.

आप्पा बाहेर येऊन म्हणाले, "म्हंजी पोरगी चुकली बी आन् बराबर बी?" मी म्हटलं, तेच तर मोजायचंय.

तोपर्यंत यंदा मी राब निम्माच भाजलाय. मधे दोरी लावली. डावीकडे शेण-पाला-फांद्या नेहमीसारखं भाजलं, उजवीकडे न भाजता नुसतं कुजलेलं शेणखत घातलं. दोन्हीकडे रोप सारखंच टाकणार. उजवीकडे तण माजेल, ते खुरपायला मला येतं. गावात कुणी असं केलेलं नाही. आप्पांच्या आईनं पाहिलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं.

परवा वळीव झाला. दुसऱ्या दिवशी वाट्या ठेवल्या, तर मधल्या खाचरातल्या ज्या वाट्यांना चोवीस तास लागायचे त्या जेवणवेळेलाच पांढऱ्या. म्हणजे नुसती जागा बघून भागत नाही, दिवसही बघावा लागतो. तुझ्या वहीत हे असेलच. माझ्या वहीतही आता आहे.

शरदचंद्र सरांना मी वेगळं पत्र पाठवलंय. पत्राची नक्कल सोबत ठेवते. त्यात लिहिलंय की मुलीनं काही लपवलेलं नाही, तिला माहीतच नव्हतं, जबाबदारी माझी. आणि खाली सही केली आहे. बघ, सही करायला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. खरं लिहिलेल्या कागदावर लगेच करते.

आई


रिहे
रविवार, १८ मे २०२५

दिशास,

पार्सल काल संध्याकाळी पोचलं. आप्पांना वाटलं आंब्याची पेटी, म्हणून विळीनं दोरी कापली, तर आत पांढरी कडी. ओट्यावर ओतून मोजली, चोवीस. त्यांत सहा ते नऊ नंबरची ती चार जुनीही आहेत, गोठ्याची काळी माती अजून खोबणीत अडकलेली. ती तू धुतली नाहीस. ते मला बरं वाटलं.

चिठ्ठी तळाशी होती. वहीचं फाडलेलं पान, तुझ्या अक्षरात. 'आई, ते आकडे मी प्रबंधातून काढलेत. सर आधी चिडले, मग सहा महिने मुदत दिली. सगळं परत मोजायचं आहे. २४ तारखेला येते. कडी कुठं बसवायची ते तू सांग.'

चार वेळा वाचली. मग आप्पांनी मोठ्यानं वाचली, मग त्यांना दिसेना म्हणून परत मी.

सहा महिने तुझे माझ्यामुळे गेले, हे मला कळतं. त्याचं वाईट वाटतं, आणि ते मी तोंडावरही सांगेन. पण सभेतलं मी सोडलेलं नाही. ते तू घरी येऊन, उंबऱ्याच्या आत, माईक नसताना बोलायचंस. तोपर्यंत गोड बोलणार नाही. जेवायला मात्र वालाची उसळ आहे.

जागा सांगते. पाच मधल्या खाचरात, कुठं ते पावलं मोजून खुंट्या ठोकल्यात. चार ओढ्याकडे, त्यातलं एक अगदी पाण्यालगत, पाऊस लागला की बुडेल, तेव्हा त्याचं काय करायचं ते तू ठरव. दोन मुरुमात. तीन आंब्याच्या मुळ्यांवर. चार जुन्या गोठ्यावर, आणि या वेळी नकाशात 'जुना गोठा' असं लिहायचं. सहा राबात, तीन दोरीच्या डावीकडे, तीन उजवीकडे. झाली चोवीस. दर कड्याच्या खुंटीला मी लाल चिंधी बांधलीय आणि आप्पांना, कोंडिबा भावजींना, सगळ्या आळीला बजावलंय की, चिंधीला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे. ती ताकीद मला स्वतःलाही आहे. एखादं हलवावं लागलंच तर आधी तुला फोन येईल, तू मीटिंगमध्ये असलीस तरी. आणि तू उचलायचास.

तुझा तो पहिला कागद कपाटातून काढून चुलीत घातला. नवा छापून आण. नोव्हेंबरात, सगळं मोजून झालं की, आधी शेत फिरून बघेन आणि मग सही करेन.

चोवीसला सकाळच्या एसटीनं ये, दुपारी मातीला हात लावता येत नाही. आणि मोठ्या काठाची टोपी घेऊन ये, पियूष येणार असेल तर त्यालाही सांग. सावली बघून या वेळी एकही कडं बसणार नाही.

आई